सगळी कॉलनी एकाच अर्जात मांडू नका

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही पाहता येईल. तालुक्याच्या गावाच्या कडेला तुमची नवी कॉलनी आहे. घरपट्टी दरवर्षी भरता. तरी गटार नाही, त्यामुळे सगळ्यांचं सांडपाणी एका मोकळ्या प्लॉटमध्ये साचतं. दोन पथदिवे बंद आहेत, घंटागाडी कोपऱ्यावरूनच वळते आणि रात्री कुत्री मागे लागतात. हे सगळं लिहून, कॉलनीतल्या लोकांच्या सह्या घेऊन, मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने दोनदा अर्ज दिला. उत्तर नाही. ॲपवर टाकलेली तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद झाली. आता माहितीचा अधिकार टाकावा की उपोषणाचं निवेदन द्यावं, असं तुम्ही विचारलंय.

मी नगरपरिषदेत आवक-जावकच्या टेबलापासून सुरुवात करून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. तिथल्या अनुभवावरून सांगतो: आज दोन्ही करू नका. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, पण ते ज्या कागदावर गेलंय त्या कागदावर त्याचं काम होणं अवघड आहे.

अर्ज दिल्यावर काय होतं ते पाहा. आवकमध्ये शिक्का बसतो, क्रमांक पडतो, टपालाच्या फोल्डरमधून तो मुख्याधिकाऱ्यांसमोर जातो. रोज तिथे असे पुष्कळ कागद असतात. साहेब पहिल्या दोन ओळी वाचतात आणि कोपऱ्यात एका विभागाचं नाव लिहून सही करतात. तुमच्या अर्जात गटार पहिलं होतं, म्हणजे शेरा ‘बांधकाम’. अभियंत्याने पाहिलं, नवीन काम आहे, यंदाच्या अंदाजपत्रकात तरतूद नाही. अर्ज त्याच्या फाइलला लागला. त्याच कागदावर खाली दिव्यांचा मुद्दा होता, जो विद्युत विभागाने एक-दोन दिवसांत निकाली काढला असता, पण तो त्या विभागाला कधी दिसलाच नाही. एका अर्जाच्या चार प्रती काढून चार टेबलांना पाठवायची व्यवस्था लहान नगरपरिषदेत नसते. तिथे एकेका माणसाकडे तीन-तीन टेबलं असतात.

म्हणून माझा आग्रह एकच: एक अर्ज, एक विषय, एक मागणी. तुमच्या तक्रारी एका जातीच्या नाहीत. दिवा ही दुरुस्ती आहे, घंटागाडी ही रोजची सेवा आहे, गटार हे नवीन काम आहे, साचलेलं पाणी ही खासगी मालकाच्या जागेवरची घाण आहे आणि कुत्र्यांचा प्रश्न वेगळ्याच नियमांनी बांधलेला आहे. प्रत्येकाला लागणारा वेळ, पैसा आणि सही करणारा माणूस वेगळा.

दिव्यापासून सुरू करा, कारण तो सर्वांत लवकर होतो. बहुतेक गावांत खांब आणि तार महावितरणची असते. दिवा, त्याची देखभाल आणि वीजबिल नगरपरिषदेचं. त्यामुळे अर्जाआधी एका रात्री फेरी मारून पाहा, शेजारच्या खांबांवरचे दिवे लागतात का. फक्त दोनच बंद असतील तर काम नगरपरिषदेच्या विद्युत विभागाचं किंवा तिने नेमलेल्या ठेकेदाराचं. अख्खी ओळ बंद असेल तर दोष तारेत किंवा पुरवठ्यात असू शकतो आणि तेव्हा महावितरणच्या कार्यालयात वेगळी तक्रार द्यावी लागते. खांबावर रंगवलेला क्रमांक असेल तर तो लिहा. नसेल तर समोरच्या घराचा मालमत्ता क्रमांक लिहा, तो घरपट्टीच्या पावतीवर असतो. ‘आमच्या कॉलनीतले दिवे बंद आहेत’ एवढ्यावर वायरमन शिडी घेऊन निघत नाही, कारण त्याला कुठे जायचं तेच कळत नाही.

अर्जाचा मजकूर इतकाच पुरे: ‘विषय: मालमत्ता क्रमांक अमुक समोरील खांबावरील पथदिवा बंद असल्याबाबत. सदर दिवा अमुक तारखेपासून बंद आहे. शेजारील दोन्ही खांबांवरील दिवे चालू आहेत. दिवा दुरुस्त करून केलेली कार्यवाही लेखी कळवावी.’ खाली नाव, पत्ता, मोबाइल. महिला-मुलांची सुरक्षितता, निवडणुकीत दिलेली आश्वासनं, इतर वॉर्डांत कशी कामं झाली हे इथे नको. ते खोटं आहे म्हणून नव्हे. वाचणाऱ्याला कृती एका नजरेत दिसली पाहिजे म्हणून. आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही. पुढच्या प्रत्येक कागदाला त्या क्रमांकाचा आधार लागतो.

घंटागाडी बहुतेक ठिकाणी ठेक्यावर चालते. चालकाशी भांडून उपयोग नाही. त्याला मार्ग ठरवून दिलेला असतो आणि तो मुकादमाच्या हाताखाली असतो. आधी गाडी का वळते ते शोधा. मी पाहिलेल्या तक्रारींत कारणं बहुतेक साधी निघायची: गल्लीच्या टोकाला वळायला जागा नाही, केबलची तार खाली लोंबते, एखादी चारचाकी कायम आडवी लावलेली असते, किंवा कॉलनी नवी म्हणून मार्गाच्या यादीतच नाही. पहिली तीन कारणं तुम्ही लोक मिळून सोडवू शकता. चौथं असेल तर स्वच्छता विभागासाठी अर्ज द्या की अमुक घरांचा समावेश संकलन मार्गात करावा, आणि घरांची संख्या व साधा हाती काढलेला नकाशा जोडा. मार्गात असूनही गाडी येत नसेल, तर ज्या दिवशी आली नाही त्या तारखा लिहून द्या. ठेकेदाराचं देयक मंजूर होताना सेवा दिल्याचा दाखला स्वच्छता विभागाला द्यावा लागतो. तुमचा आवक क्रमांक पडलेला तारखांचा कागद फाइलमध्ये असेल, तर तो दाखला देणारा माणूस सही करण्याआधी मुकादमाला फोन करतो. तोंडी तक्रारीला हे वजन येत नाही. तुमच्या बाजूने ओला आणि सुका कचरा वेगळा द्या. ते बंधनकारकही आहे, आणि मिसळलेला कचरा म्हणून गाडी निघून गेली ही सबब तरी उरणार नाही.

आता गटार. इथे मला थांबून सविस्तर लिहावं लागेल, कारण तुमची खरी अडचण इथेच आहे आणि तिचं उत्तर तुम्ही न सांगितलेल्या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याच्या कलम ४९ मध्ये नगरपरिषदेची कर्तव्यं दिली आहेत. सार्वजनिक रस्त्यांवर दिवे, रस्त्यांची सफाई, गटारं ही आवश्यक कर्तव्यांत येतात. लोक हे कलम अर्जात लिहितात आणि ते बरोबरच आहे. पण आवश्यक कर्तव्य म्हणजे अमुक गल्लीत अमुक वर्षी गटार झालंच पाहिजे, असा त्याचा अर्थ कार्यालयात घेतला जात नाही. तिथे पहिला प्रश्न विचारला जातो: हा रस्ता कुणाचा?

तुमची कॉलनी तीनपैकी एका प्रकारची असणार. पहिला, रीतसर मंजूर लेआउट (म्हणजे प्लॉट आणि रस्त्यांचा आराखडा), ज्यात विकासकाने रस्ते-गटारं करून ती जागा नगरपरिषदेकडे हस्तांतरित केली आहे. दुसरा, लेआउट मंजूर आहे पण विकासकाने प्लॉट विकले आणि रस्ते-गटारं अर्धवट सोडली, हस्तांतरण झालंच नाही. तिसरा, गुंठेवारी; शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले, मंजुरी नसलेले.

घरपट्टी तिन्ही प्रकारांत लागते. ‘घरपट्टी भरतो’ या मुद्द्याचा नैतिक जोर मी मान्य करतो, आणि तो मांडायलाच हवा. पण घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम किंवा लेआउट अधिकृत झाला असं कायद्यात होत नाही. हस्तांतरण न झालेल्या जागेवर नगरपरिषदेने पैसा घातला, तर लेखापरीक्षणात खासगी जागेवर खर्च केल्याचा आक्षेप निघतो आणि वसुली सही करणाऱ्यांवर लागू शकते. अभियंता तुम्हाला हे तोंडावर सांगत नाही, ‘बघू, प्रस्ताव टाकतो’ म्हणतो. त्या ‘बघू’मागे बहुतेक वेळा हीच भीती असते. हेच कारण त्याच्याकडून लेखी घेतलं तर पुढचं पाऊल ठरवता येतं.

दुसऱ्या प्रकारात विकासकावर लेआउट मंजुरीच्या आदेशातल्या अटी बंधनकारक असतात. त्या आदेशाची प्रत मिळवा, आणि अर्जात गटाराची नव्हे तर अटींचं पालन करून घेण्याची आणि हस्तांतरणाची मागणी करा. तिसऱ्या प्रकारासाठी गुंठेवारी नियमितीकरणाचा २००१ चा अधिनियम आहे. त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित करून घेण्याची वाट मोकळी झाली. त्यासाठी विकास शुल्क आणि प्रशमन शुल्क, म्हणजे झालेला नियमभंग मिटवण्याची रक्कम, भरावं लागतं. रक्कम ऐकून लोक मागे हटतात, हे मला माहीत आहे. पण कॉलनीतल्या बऱ्याच घरांनी विकास शुल्क भरलेलं असलं की गटाराच्या मागणीला जे बळ येतं, ते नुसत्या सह्यांनी येत नाही.

पहिल्या प्रकारात असाल तर मार्ग मोकळा आहे, फक्त लांब आहे. अभियंत्याने जागेची पाहणी करून कामाच्या खर्चाचा अंदाज काढायचा, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, कुठल्या निधीतून ते ठरवणं, निविदा, कार्यारंभ आदेश. यात निधी हा कळीचा. वित्त आयोगाच्या अनुदानाचा मोठा भाग पाणीपुरवठा आणि स्वच्छतेशी बांधलेला असतो. जिल्हा नियोजनातून नगरोत्थान योजनेत पैसे येतात. वस्ती सुधार योजनांचे निकष वेगळे आणि ते तुमच्या कॉलनीला लागू होतीलच असं नाही. नगरपरिषदेचं स्वतःचं उत्पन्न पगार आणि वीजबिलातच बरंच संपतं. म्हणून मागणीची वेळ सांभाळा. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मार्चपूर्वी ठरतं आणि कामांच्या याद्या दिवाळीनंतर आकार घ्यायला लागतात. एप्रिलमध्ये दिलेला अर्ज वर्षभर ‘तरतूद नाही’ या शेऱ्याखाली पडून राहतो. तोच नोव्हेंबरात दिला तर यादीत जायची शक्यता असते. मार्चमध्ये तर अर्धं कार्यालय वसुलीला बाहेर असतं, तेव्हा चकरा मारू नका.

आणि अर्ज देण्याआधी एका गोष्टीकडे लक्ष द्या, जी नागरिकांच्या अर्जात मला फार क्वचित दिसली: पाणी जाणार कुठे? गटार बांधणं सोपं आहे, त्याला शेवट हवा. नाला, मोठं गटार किंवा भुयारी वाहिनी जवळ नसेल, तर तुमचं पाणी पुढच्या गल्लीच्या दारात जाईल, ते लोक काम अडवतील आणि ठेकेदार निम्मं बांधून निघून जाईल. पावसाळ्यात कॉलनीचं पाणी कुठल्या दिशेने वाहतं ते मोबाइलवर चित्रित करून ठेवा. जवळच्या नाल्यापर्यंत किती अंतर आहे, मध्ये कुणाची जागा आहे हे अर्जात लिहा. अभियंत्याचं अर्धं काम तुम्ही केलेलं असेल, आणि असा अर्ज तो बाजूला ठेवत नाही.

तोवर काय? मुरमाड जमीन असेल तर प्रत्येक घराने शोषखड्डा केला तरी बराच फरक पडतो. काळी माती असेल तर त्यावर पैसे घालू नका. ती पाणी लवकर जिरवत नाही आणि खड्डा पावसाळ्यात भरून वर येतो.

साचलेल्या पाण्याच्या प्लॉटचा अर्ज गटारापासून वेगळा, आणि तो आरोग्य विभागाला द्या. मोकळ्या प्लॉटचा मालक कोण हे कर विभागाच्या नोंदीत बहुधा सापडतं. त्याला जागा स्वच्छ ठेवण्याची नोटीस द्यायचे अधिकार नगरपरिषदेला आहेत. पण इथे प्रामाणिकपणे पाहा: पाणी तुमचंच आहे. मालक उत्तर देईल की आधी यांचं पाणी बंद करा, आणि ते चूक नसेल. म्हणून या अर्जात मागणी डासांपुरती ठेवा: अळीनाशक फवारणी, गप्पी मासे सोडणं, प्लॉटमधला कचरा उचलणं. हे काम होण्यासारखं आहे आणि मालकाशी वैरही होत नाही.

कुत्र्यांबाबत थोडक्यात. ‘कुत्री उचलून न्या’ असा अर्ज देऊ नका. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना पकडलेल्या भागातच सोडायचं असतं. सरसकट सगळी कुत्री कायमची हलवायची मागणी कार्यालय मान्य करू शकत नाही. नसबंदी मोहिमेत तुमचा भाग घ्यावा अशी मागणी करा, आणि चावल्याची घटना असेल तर दवाखान्याच्या कागदाची प्रत जोडा. कुणाला चावलंच तर जखम लगेच साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

म्हणजे आता हाताशी पाच अर्ज झाले: विद्युत, स्वच्छता, बांधकाम, आरोग्य, आणि कुत्र्यांचा पाचवा. सगळे मुख्याधिकाऱ्यांच्याच नावाने, पण विषयाखाली विभागाचं नाव ठळक लिहा, म्हणजे शेरा चुकणार नाही. आठ दिवसांनी आवकमध्ये जाऊन ‘हा क्रमांक कुठल्या टेबलाला गेलाय’ एवढंच विचारा आणि त्या टेबलाशी बोला. शक्यतो दर वेळी एकाच माणसाने जावं. दर वेळी नवा माणूस गेला की बोलणं पहिल्यापासून सुरू होतं. आवाज चढवायची गरज पडत नाही. त्या टेबलावरच्या माणसाला तुमचं काम आठवणीत राहावं, एवढ्यासाठी जायचं.

नगरसेवकांचंही सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय की त्यांचा काही उपयोग नाही. २०२१-२२ पासून बहुतेक नगरपरिषदांत मुदत संपून प्रशासक होते; डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. म्हणजे मध्यंतरी तुमचा प्रश्न सभेत मांडणारं कुणीच नव्हतं. आता आहेत, आणि बहुतेक प्रभागांत दोन असतात. दिव्यासाठी त्यांना फोन करू नका. त्यांची गरज गटाराला आहे, कारण कामांच्या यादीत नाव जाणं सभेत आणि समितीत ठरतं. त्यांच्याकडे जाताना बांधकाम विभागाच्या अर्जाची पोच आणि उताराची ती चित्रफीत घेऊन जा. दोघांनाही भेटा, पक्ष न पाहता.

माहितीचा अधिकार तुम्ही जरूर वापरा, पण अर्ज देऊन महिनाभर काहीच हललं नाही तर. आणि ‘काम का झालं नाही’ असं विचारू नका. त्यावर ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर सहज देता येतं. कागद मागा. ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जावर झालेल्या टिपणीची व कार्यवाहीची प्रत’, ‘घंटागाडीच्या मार्गांची मंजूर यादी’, ‘आमच्या लेआउटच्या मंजुरी आदेशाची व हस्तांतरणाच्या कागदांची प्रत’. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून हेही वेगवेगळे अर्ज करा. उत्तर आलं नाही तर प्रथम अपील. टिपणी म्हणजे त्या टेबलाने अर्जावर फाइलमध्ये लिहिलेलं मत. तिची प्रत मागितली की होतं असं: ज्या अर्जावर टिपणीच नाही, त्यावर ती लिहावी लागते, आणि लिहिताना निर्णय घ्यावा लागतो.

काहीजण सांगतील की लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ वापरा. तो जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कराचा उतारा, नळजोडणी अशा अधिसूचित सेवांसाठी आहे. गटाराचं नवीन काम त्यात बसत नाही, तिथे वेळ घालवू नका.

ॲपवरच्या बंद तक्रारीचा स्क्रीनशॉट आणि त्याच जागेचा तारखेसह फोटो जपून ठेवा. तक्रार पुन्हा उघडायची सोय असेल तर उघडा, आणि ती दोन्ही चित्रं लेखी अर्जालाही जोडा. वरच्या पायरीसाठी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तालुक्यात तिसऱ्या सोमवारी. तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची आणि विहित नमुन्यात लागते. सामूहिक निवेदन परत येतं; म्हणून ज्यांच्या भिंतीला पाणी लागतं त्या एका घराने स्वतःच्या नावाने अर्ज करावा.

राहिलं उपोषण. तो तुमचा हक्क आहे आणि कधी कधी त्याशिवाय गत्यंतर नसतं. पण आज बसलात तर दुसऱ्या दिवशी एक अधिकारी लेखी आश्वासन घेऊन येईल: ‘आपल्या मागणीबाबत निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल.’ अशी पत्रं माझ्या टेबलावरून गेली आहेत. त्यात तारीख नसते, पैसा कुठल्या निधीतून येणार ते नसतं, कामाचं नाव नसतं. लोक ते घेऊन उठतात आणि पुढचं वर्ष जातं. बसायचंच झालं तर हस्तांतरणाचा आणि निधीचा कागद हाती आल्यावर बसा, म्हणजे पत्रात नेमकं काय लिहून हवं ते तुम्ही सांगू शकाल.

तुमच्या खरेदीखतात लेआउट मंजुरीचा क्रमांक आणि तारीख आहे का ते पाहून मला कळवा. असेल तर मंजुरी आदेशाची प्रत मागणारा अर्ज आधी करा, गटाराचा मागाहून. नसेल तर नगररचना विभागात तुमच्या गट क्रमांकाची नोंद काय आहे ते विचारा. दिव्याचा अर्ज मात्र यासाठी थांबवू नका, तो उद्याच द्या.